उपाशी कोळशाची बाग

बार्शीला परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतो, "माथेरान पाहिलंत का हो?" कर्जतला दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकून माथेरान न पाहणारी बाई म्हणजे वेडीच, असा एकूण सूर असतो. नाही पाहिलं. मी गोठे पाहिले, कोळसा पाहिला आणि माझी सख्खी बहीण कोपरापर्यंत शेणकाल्यात हात घालून बसलेली पाहिली. यातलं काहीही माथेरानला दिसत नाही. ज्यांना थंड हवेच्या गोष्टी हव्या असतील त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

कर्जत

माझी धाकटी बहीण कुसुम कर्जतला दिलेली. तिचे यजमान दत्तोपंत यांचं बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मी नर्सची नोकरी करून निवृत्त झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची रजा न मागता बहिणीकडे निघाले. बेत आठवडाभराचा होता. बार्शीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं पुणं, मग घाट. घाट उतरताना सगळीकडे हिरवं पाहून मी मनात म्हटलं, इथल्या बायकांना भाजीपाल्याला काय तोटा!

तोटाच होता. कुसुमच्या मागच्या दारी विहीर आहे आणि विहिरीपलीकडे परसू. परसू कसलं, लाल मुरुमाचा पट्टा. इथला पाऊस आमच्यासारखा विचारपूस करून येत नाही. तो चार महिने कोसळतो आणि मातीतलं असेल नसेल ते सगळं धुऊन उल्हास नदीला देतो. कुसुमनं लावलेली मेथी सुतासारखी बारीक, पिवळी, बघूनच नाडी तपासावीशी वाटावी अशी. आणि भिंतीला टेकवून शहाबादी फरशीची चळत उभी.

"दिवाळी झाली की गवंडी येतोय, अक्का," दत्तोपंत चहा पिताना म्हणाले. "सगळं परसू फरशीखाली. पावसाळाभर घरात लाल पाय उमटतात. बरं, उगवतं म्हणावं तर तेही नाही."

माणूस वाईट नाही. बोलण्यात तथ्यही होतं. पण कुसुम उठून विहिरीवर गेली, आणि मी मागोमाग गेले तर ती रिकामी घागर घेऊन नुसती उभी.

"अक्का, या घरातली भांडी सासूबाईंची, देव आजेसासूबाईंचे, दुकान ह्यांचं," ती म्हणाली. "एवढा तुकडाच मी माझा म्हणते. त्यावर फरशी पडली की मी मागच्या दारी फक्त धुणं वाळत घालायला जाणार."

मला राग फार लवकर येतो, आणि आला की काहीतरी कबूल करून बसते. तशीच आत गेले आणि दत्तोपंतांना म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला माझ्या पानात या परसातली भाजी पडली तर फरशी परत जाईल. कबूल?"

"आणि नाही पडली तर?"

"तर पहिली फरशी मी माझ्या हातानं बसवीन."

ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. मग म्हणाले, "कबूल." माझा आठवडाभराचा मुक्काम तिथेच वाढला.

पोशीर

दुसऱ्या दिवशी बाजारात एका बाईच्या पाटीत मनगटाएवढे मुळे दिसले. पांढरेशुभ्र, अंगावर काळ्या मातीचे ठिपके. त्या भागाबाई. नेरळच्या बाजूच्या पोशीर गावाहून भाजी घेऊन येतात. अंगापिंडानं भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम.

"या मुळ्याला काय घालता?" मी विचारलं.

"पाणी," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मी हटले नाही. आमच्या बार्शीकडची काटेरी वांगी किती गोड, भरली की कशी लागतात, याचं तिथेच उभ्यानं कीर्तन लावलं. कुसुमसाठी आणलेली वांग्याच्या बियांची पुरचुंडी पिशवीतून काढून दाखवली. भागाबाईंची नजर पुरचुंडीवर अडकली.

"बी द्याल तं सांगते," त्या म्हणाल्या. "पन हितं नाय. घरी या नि बगा."

नेरळहून रिकाम्या दुधाच्या कॅनांबरोबर टेंपोत बसून पोशीरला गेले. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, लोंब्या अजून आत दडलेल्या, आणि त्याचा तो कोवळा गोडसर वास. आमच्याकडे ज्वारीच्या रानातून माणूस चालताना दिसत नाही, इथे भाताच्या बांधावरून चालणारा माणूस कुठूनही दिसतो. मला ते आवडलं. भागाबाईंनी मला लांबूनच पाहिलं आणि हाक मारली.

बौद्धवाडीत त्यांचं घर पहिलंच. नवरा रेल्वेत नोकरीला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे झेंडूची ताजी फुलं, आणि ती फुलंही आपल्याच वाफ्यातली हे बाईंनी मी बसायच्या आत सांगून टाकलं. मग मागे नेलं. सगळीकडे लाल माती, आणि मध्येच एक पट्टा काळा कुळकुळीत. मी खाली बसून मूठभर उचलली. भुसभुशीत, आत कोळशाचे बारीक कण.

"ही आमच्या बार्शीची माती इथे कुठून आली?"

"बार्शीची नाय, आमची हाय," भागाबाई म्हणाल्या. "माज्या सासूनं केली, तिच्या सासूनं केली. त्याच्या आदी कुनी केली ते त्या मातीलाच ठाव."

कृती अशी. चुलीतला आणि रानातल्या जुन्या भट्ट्यांवरचा कोळसा गोळा करायचा. तो तांदळाच्या कण्यांएवढा बारीक कुटायचा. (मी म्हटलं, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. त्या म्हणाल्या, "ज्वारी तुमी खा. कण्यांएवढा.") आणि तो थेट मातीत घालायचा नाही. पावसाळाभर गोठ्यात गुरांच्या पायाखाली पसरून ठेवायचा.

"कोळसा उपाशी असतो, बाय. त्याला आंगभर तोंडं असत्यात," त्या म्हणाल्या. "तसाच टाकला तं मातीतलं समदं तोच खाऊन बसतो नि तुजी मेथी बोंबलते. आदी त्याला गोठ्यात जेवू घालायचा. प्वाट भरलं का मंग तो दुसऱ्याला वाढतो. पावसानं धुपत नाय, वाहून जात नाय."

बोलता बोलता त्या अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आल्या होत्या, आणि मीही.

इथे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण जाळतात, त्याला राब म्हणतात. भाजलेल्या मातीत रोप जोमानं येतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण परसबागेसाठी कोळसा जेवू घालणारं घर मी हे एकच पाहिलं. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. तांदळाची भाकरी आमच्या भाकरीपुढे लाजरी वाटते, पण बिरड्यात बुडवली की लाज सोडते. मी दोनदा वाढून घेतलं. बी दिलं आणि बदल्यात गोठ्यातल्या तयार कोळशाची दोन पोती मिळाली. "यंदाचा उरलेला येवढाच हाय, बेतानं वापर गं," असं बजावून भागाबाईंनी ती टेंपोत चढवून दिली.

घरी आल्यावर कुसुमनं हळूच विचारलं, "जेवलीस?"

"दोनदा वाढून घेतलं."

"तिच्याकडे?"

"नाही, स्टेशनमास्तरांकडे," मी म्हटलं. कुसुम चुलीकडे वळली. मीही विषय वाढवला नाही. पोती मागच्या दारी ठेवली आणि झोपले.

कर्जत, विहिरीवर

सकाळी मी बी-बियाणं आणायला बाजारात गेले. मेथी, मुळा, लाल माठ. परत येते तो विहिरीवर कुसुम पदर खोचून बसलेली. भोवती काळं पाणी. जुन्या साडीवर कोळसा वाळत घातलेला, असा चकचकीत की लग्नाच्या रुखवतात मांडावा.

"किती गं घाण होती, अक्का!" ती आनंदानं म्हणाली. "पाणी बदलून बदलून धुतला. आता बघ, हाताला वाससुद्धा येत नाही. विहिरीजवळच्या वाफ्यात थोडा घातलासुद्धा, आणि घरात होती ती मेथी पेरून टाकली. उद्या याच बागेतली फुलं देवाला जायची ना?"

पावसाळाभर दिवसरात्र जेवलेला कोळसा. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या काकू गच्चीवर आल्या एवढं सांगते. गोठ्याची घाण म्हणून धुतला असं कुसुम म्हणाली. खरंच फक्त गोठ्याची का गं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिलाही ते कळलं असावं, कारण ती माझ्याकडे न बघता रडायला लागली.

"माझ्याच हातानं माझी बाग घालवली," ती म्हणाली. आणि मला तिची इतकी दया आली की माझा राग जागच्या जागी विझला.

भागाबाईंना बाजारात गाठून सांगितलं. वाटलं, आता ही मला मुळ्यानं मारते. त्या पाटीशेजारी मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अगं माजे बाय! जेवून उठलेल्याला उलटी करवलीस की गं!"

"आता पुढे काय?"

"माज्याकडं दाना नाय. पन साजगावला माजी भयीन हाय, सगुणा. तिच्या म्हशी हायत." त्यांनी डोळे पुसले. "पन गोठ्यात पसरायला पाऊस संपला की गं. दिवाळीपत्तुर कसा जेवंल तो?"

साजगाव

खोपोलीच्या अलीकडे साजगाव. तिथे कारखान्यांच्या चिमण्या आणि म्हशींची शेपटं एकाच चौकटीत दिसतात. भोंगा झाला की माणसं सायकलींवरून एकदम बाहेर सांडतात आणि सगुणाबाईंच्या दुधाला गिऱ्हाईक लागतं. आम्ही धुतलेल्या कोळशाची पोती घेऊन पोचलो. भागाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. कुसुमही आली होती. "मी धुतला, मीच भरीन," एवढंच ती म्हणाली होती.

सगुणाबाईंनी एका पिंपात म्हशींचं मूत आणि शेण कालवून ठेवलं होतं. त्यात मूठभर कोळसा टाकला तर तो वर तरंगत राहिला. धुऊन धुऊन हलका झालेला, आत हवा. भागाबाईंनी मान हलवली.

तेव्हा मला आमच्याकडचा धुंगार आठवला. डाळीत वाटी ठेवून तीत लाल निखारा आणि तूप टाकतो ना आपण? निखारा चर्र करतो आणि तूप पिऊन टाकतो. गार कोळसा कधी पितो का? मी म्हटलं, "भागाबाई, हा तापवून टाकू या."

"आमच्यात असं कोनी करत नाय."

"तुमच्यात कुणी धूतही नाही."

भागाबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं. सगुणाबाईंनी जुना पत्रा आणला, खाली चूल पेटवली. कोळसा सणसणीत तापवायचा, पेटू द्यायचा नाही, आणि फावड्यानं पिंपात ढकलायचा. पहिल्या फावड्याला असा आवाज झाला की म्हशी उठून उभ्या राहिल्या. वाफेचा लोट, आणि वास असा की कारखान्याच्या चिमणीनं तोंड फिरवावं. मी नोकरीत नाना प्रकार हुंगलेत, मला काही वाटलं नाही. पण कुसुम! पदर नाकाला आवळलेला, डोळे मिटलेले.

बुडबुडे थांबले. आम्ही वाकून पाहिलं. वर काहीच तरंगत नव्हतं.

"गेला तळाला," भागाबाई म्हणाल्या. मग पुन्हा वाकून पाहिलं. "आयला, येका दमात जेवला गं!"

खालचा काला ढवळायला काठी पुरेना. आणि मग माझ्या बहिणीनं, जी बाजारातून आणलेली सुतळीसुद्धा पाणी मारून घरात घेते, तिनं पदर सोडला, बांगड्या मागे सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिंपात घातले. ढवळत राहिली. चेहरा वाकडा झालेला, पण हात थांबले नाहीत. भागाबाई काठी खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. मला रडू आलं. वाफेमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

काही दिवस कोळसा तिथेच मुरू दिला आणि मग तो आणायला आम्ही दोघी बहिणी पुन्हा गेलो. येताना एस. टी. नं निघालो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पोत्यात काय हाय?" मी म्हटलं, "औषध." पहिल्या वळणाला औषध गळायला लागलं. मागचे लोक पुढे गेले, पुढचे दारात गेले, आणि मग दोघी बहिणी पोत्यांसकट रस्त्यावर. विटांच्या एका टेंपोवाल्यानं दया येऊन घेतलं, आणि नाकाला रुमाल बांधून त्यानं गाडी अशी हाणली की कर्जत केव्हा आलं ते कळलं नाही. घटस्थापनेच्या दिवशी आम्ही वाफ्यांत कोळसा मिसळला आणि बी टाकलं.

पळसदरी

बी पेरणं सोपं असतं, वाट बघणं कठीण. दसऱ्याच्या सुमारास विहिरीजवळच्या वाफ्यातली मेथी, म्हणजे धुतलेल्या कोळशातली, पार पिवळी पडून माना टाकून बसली. भागाबाई म्हणाल्या तसं उपाशी कोळशानं तिच्या तोंडचा घास काढला होता. नव्या वाफ्यांत नुसतं मोड आल्यासारखं काहीतरी. त्यात दत्तोपंत मोजपट्टी घेऊन मागे आले आणि गवंड्यासाठी मापं काढू लागले. कुसुमला ते बघवेना. मी तिला ओढून गाडीत बसवलं आणि पुढच्याच स्टेशनावर, पळसदरीला, उतरवलं.

बरोबर पुऱ्या, बटाट्याची भाजी. धरणाचं पाणी काठोकाठ, त्यात घाटाचा डोंगर उलटा. वर घाट चढणाऱ्या गाडीची धाप आणि मागून लावलेल्या इंजिनाचा रेटा, दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. आमच्याकडे गाडी सपाटीवरून निमूट जाते. इथे तिला डोंगर चढताना मदत लागते आणि ती मिळते, हे मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

भागाबाईंनी सांगितलं होतं, धरणाच्या वरच्या माळावर कातकऱ्यांची एक जुनी कोळशाची भट्टी होती, ती बघून या. भट्टी कधीच मोडलेली. पण ती कुठे होती ते विचारावं लागलं नाही. सगळ्या माळावर गवत पिवळं पडू लागलेलं आणि मध्ये एक गोल, गर्द हिरवा, कमरेएवढ्या गवताचा. ढोरांनी, पावसानं, पाल्यानं त्या जागेला इतक्या वर्षांत पोटभर जेवू घातलं होतं. कुसुम गुडघ्यांवर बसली आणि अंबाड्यातला आकडा काढून उकरू लागली. काळी माती. तिनं ती हातात घेतली, वास घेतला.

"अक्का, येईल गं," ती म्हणाली. घरी जाईपर्यंत तिनं हात धुतले नाहीत.

पुन्हा कर्जत

आली. बाग अशी आली की मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवली. कोजागरीनंतर माठानं रंग धरला, मेथीची पानं रुंद झाली, मुळ्यांनी मातीतून खांदे वर काढले. परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली आणि वाफे जागचे हलले नाहीत. एका सकाळी मी तोंड धुवायला मागे गेले तर दत्तोपंत उकिडवे बसून माठावरच्या अळ्या वेचत होते. मला पाहून म्हणाले, "पंचा पडला होता, तो बघत होतो." पंचा खांद्यावर होता.

पाडव्याला कुसुमनं स्वतः मुळे उपटले. कोवळे, पण सरळ आणि गोरेपान. मेथीची पीठ पेरून भाजी, लाल माठ, मुळ्याची कोशिंबीर. सगळं परसातलं. भागाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पोशीरचे वाल घेऊन आल्या आणि मागच्या दाराशी थांबल्या. कुसुम बाहेर गेली, त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात घेऊन आली, माझ्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि पहिली भाजी त्यांच्या पानात वाढली. सांगितलं कुणी नव्हतं. मी मान खाली घालून मीठ शोधत राहिले.

भागाबाईंनी मुळा चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "माज्यापरास नाय. पन ब्येस हाय." मग विहिरीकडे बोट दाखवून, "आन् तो पिवळा वाफा मोडू नको गं. त्याला आता शेनकाला घाल. उशिरा जेवंल, पन जेवंल."

दत्तोपंतांनी मेथी तीनदा मागितली आणि हरल्याचं तोंडानं एकदाही कबूल केलं नाही. मीही आग्रह धरला नाही. भरल्या तोंडानं हरणाऱ्या माणसाला त्रास देऊ नये.

भाऊबीज झाली आणि सकाळीच मागच्या दारी ठोकाठोक. गवंडी! मी केस न विंचरता धावले. पाहते तो दत्तोपंत त्याला मागच्या दारापासून विहिरीपर्यंत, वाफ्यांच्या मधून, एकेरी फरशीची वाट घालायला सांगत होते.

"पाय लाल होणार नाहीत आणि मेथीवरही पडणार नाहीत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पहिली फरशी बसवायला अक्का येणार होत्या म्हणे."

मी खरंच बसवली. थोडी वाकडी बसली आहे, कर्जतला गेलात तर बघा.

निघायच्या दिवशी कुसुम स्टेशनावर आली. गाडी हलता हलता तिनं खिडकीतून केळीच्या पानात बांधलेली जुडी माझ्या मांडीवर टाकली. सोडून पाहिलं तर मुळे, आताच उपटलेले, अंगभर काळ्या मातीनं माखलेले. माझ्या एकुलत्या एका चांगल्या पातळावर ती माती सांडली.

"अगं, धुतले नाहीस?" मी ओरडले.

कुसुम फलाटावरून गाडीबरोबर चालत होती, तिच्या नखांतही तीच माती होती, आणि ती हसत होती.

"धुऊ नकोस गं अक्का!" ती म्हणाली. "बार्शीला जाईपर्यंत तसेच राहू देत. सगळ्यांना दाखव, माझी माती आहे."

मी दाखवली. ज्यांनी माथेरानची चौकशी केली, त्या प्रत्येकाला दाखवली.